एस्टोनियात उन्हाळा भटकायचा तर हॉटेल राहू द्या, आरएमकेच्या फुकट कॅम्पसाइट्स बघा

आधी मुद्द्याचं सांगते. एस्टोनियात जंगलात, समुद्रकाठी, तळ्याकाठी तंबू ठोकायला सरकारी जागा आहेत आणि त्या फुकट आहेत. एन्ट्री फी नाही, बुकिंग नाही, कुठे नाव लिहायचं नाही. जायचं, मोकळी जागा बघायची, तंबू लावायचा. टेबल आणि बाकडी असतात, चूल पेटवायला आखलेली जागा असते, कोरडा संडास असतो आणि बऱ्याच ठिकाणी सरपणाने भरलेली शेडसुद्धा असते. हे सगळं आरएमके नावाची सरकारी संस्था सांभाळते, 1999 साली सुरू झाली, देशातली सरकारी जंगलं तिच्याकडे आहेत. मी टॅलिनमध्ये राहते, दर उन्हाळ्यात आमचा मराठी ग्रुप जमतो, काही इथलेच, काही हेलसिंकीहून दोन तासांच्या बोटीने येणारे, एखादा जर्मनीहून सुट्टी काढून, आणि मग गाडीत तंबू, पातेली आणि मसाल्याचे डबे कोंबून आम्ही खेडोपाडी निघतो. टॅलिनचं जुनं शहर सुंदर आहे, नाही कशाला म्हणू, पण ते एका दिवसात बघून होतं. देश दिसतो तो या जागांवरून. म्हणून हा रिव्ह्यू, आणि जरा मोठा होणार आहे, कारण भारतातून येणाऱ्या किंवा युरोपात दुसरीकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीतच नसतं आणि मग ते तीन दिवस टॅलिनच्या हॉटेलात राहून परत जातात.

शोधायचं कसं ते आधी. आरएमकेचं 'लोदुसेगा कोस' नावाचं अ‍ॅप आहे, वेबसाइटही आहे, इंग्रजीत चालतं. नकाशावर तंबूचं, चुलीचं, झोपडीचं चिन्ह येतं, त्यावर टॅप केलं की तिथे काय काय आहे, सरपण मिळतं का, पाणी आहे का, गाडी कुठपर्यंत जाते हे कळतं. हे वाचूनच निघायचं, कारण सगळ्या जागा सारख्या नसतात. काही नुसत्या चुलीच्या जागा असतात, काही मोठ्या, शंभर तंबू मावतील अशा. काही ठिकाणी जंगलात छोटी लाकडी झोपडी असते, आत शेगडी आणि झोपायला फळ्या, तीपण फुकट आणि जो आधी पोचेल त्याची, आणि उशिरा कोणी आलं तर सरकून जागा द्यायची. आणि आरएमकेची मोठी जंगलघरं आहेत ती मात्र पैसे भरून बुक करावी लागतात, त्यात आणि झोपडीत गल्लत करू नका. अजून एक, रस्त्यावर दिसणारी प्रत्येक कॅम्पसाइट आरएमकेची नसते, खासगी पण भरपूर आहेत, त्यांच्याकडे शॉवर आणि किचन असतं आणि ते रीतसर पैसे घेतात. दोन-तीन रात्री तंबूत काढल्यावर एक रात्र अशा खासगी जागी राहून आंघोळ-कपडे उरकून घ्यायचे, आमचा हा नेहमीचा हिशोब आहे.

आता फुकट म्हटलं की आपल्याला शंका येते की जागा गचाळ असणार. तसं नाहीये. आणि का नाहीये ते तिथे गेल्यावर लगेच समजतं. बऱ्याच ठिकाणी कचऱ्याचा डबाच नसतो. फळ्यावर लिहिलेलं असतं, जे आणलंत ते परत न्या. आणि लोक नेतात! शुक्रवारी रात्री वीस तंबू असलेल्या जागेवर रविवारी दुपारी एक बिस्किटाचा कागद दिसत नाही. कोणी वॉचमन नाही, दंडाची पावती फाडणारा कोणी उभा नाही. मला या सर्व्हिसमधलं सगळ्यात जास्त भावतं ते हेच, की तुम्हाला अगदी मोजकं दिलंय, छप्पर, चूल, संडास, सरपण, आणि बाकी सगळं तुमच्यावर विश्वासाने सोडलंय. हा विश्वास टिकला तरच हे फुकट राहणार, आणि ते आपल्यालाही लागू आहे, त्यावर पुढे बोलते.

सरपणाचं थोडं सविस्तर, कारण सगळा मूड त्याच्यावर असतो. शेडमध्ये ओंडके असतात, बरेचदा बर्च किंवा स्प्रूसचे, कधी फोडलेले, कधी अर्धवट. उन्हाळ्यात वीकेंडला शेड रिकामी पण सापडू शकते, म्हणून वाटेत पेट्रोल पंपावर किंवा गावातल्या दुकानात जाळीच्या पिशवीत सरपण मिळतं त्यातली एक पिशवी डिकीत ठेवायची. छोटी कुऱ्हाड स्वतःची असू द्या. बर्चच्या फोडलेल्या लाकडावर पांढरी साल असते, नखाने टोक उचललं की तिचे पातळ पदर सुटतात, आतली बाजू बदामी रंगाची असते आणि बोटांना किंचित तेलकट लागते. ही साल म्हणजे इथली काडेपेटीनंतरची सगळ्यात कामाची वस्तू. बाहेर पाऊस पडून गेलेला असला तरी ती पेटते, कडकड वाजत स्वतःभोवती वळते, काळा धूर सोडते आणि मिनिटभर तरी विझत नाही. तेवढ्यात तिच्यावर बोटाएवढ्या ढलप्या, मग मनगटाएवढी लाकडं, की झालं. आमच्यात नाशिकचा एक मित्र आहे, लहानपणी गावी चुलीसमोर बसलेला, त्याला एका काडीत जमतं आणि तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. साल फक्त फोडलेल्या सरपणाची काढायची हां, उभ्या झाडाची अजिबात नाही, झाड जखमी होतं आणि ती जखम वर्षानुवर्षं काळी दिसत राहते.

आणि चूल फक्त आखलेल्या जागेवर. इथे कोणालाही जंगलात फिरायचा, बेरी आणि मशरूम गोळा करायचा हक्क आहे, खासगी जमीन असली आणि ती कुंपण घालून किंवा पाटी लावून बंद केलेली नसली तरी. पण आग कुठेही पेटवायचा हक्क नाही. कोरड्या उन्हाळ्यात वणव्याचा धोका जाहीर होतो तेव्हा नियम कडक होतात, धोका फारच वाढला तर आखलेल्या जागेवरही बंदी येते, अशा वेळी अ‍ॅपवर सूचना असते. म्हणून निघण्याआधी हवामान आणि आगीचा इशारा दोन्ही बघायचे आणि एक गॅस शेगडी सोबत ठेवायची, बंदीच्या काळात तीही चालते का ते मात्र सूचनेत वाचून घ्यायचं.

जागांबद्दल. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लेम्मेला जावं. पार्नूच्या दक्षिणेला, काब्लीच्या आसपास, लॅटव्हियाच्या सीमेकडे जाणारा जुना किनारी रस्ता आहे त्याच्या कडेला. एका बाजूला पाइनचं जंगल आणि झाडं संपली की थेट वाळू. इथला समुद्र उथळ आहे त्यामुळे पाणी बाल्टिकच्या मानाने कोमट असतं, कंबरभर पाण्यासाठी बराच वेळ आत चालत राहावं लागतं, पोहता न येणाऱ्यांना फार बरं. सूर्य समुद्रात मावळतो, जूनच्या शेवटी तो मावळायलाच साडेदहा वाजतात आणि नंतरही अंधार असा होतच नाही, क्षितिजावर केशरी पट्टा राहतो तो पहाटेपर्यंत सरकत सरकत उत्तरेकडून पूर्वेला जातो, आणि चारला पुन्हा ऊन. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, चेष्टा नाही, तंबूत पहाटे चारला उन्हाने जाग येते.

पश्चिमेला पेराक्युला, नोवाच्या भागात, तिथली वाळू अजून मोकळी आणि माणसं त्या मानाने कमी. टॅलिनहून दीड तासाच्या आत-बाहेर. मला स्वतःला लेम्मेपेक्षा पेराक्युला जास्त आवडतं पण तिथे वारा असला की रात्री तंबू फडफडत राहतो, त्यामुळे समुद्राला खेटून न लावता झाडांच्या आत लावा.

किनाऱ्याबद्दल एक गोष्ट कळल्यापासून मी या जागांकडे वेगळ्या नजरेने बघते. सोव्हिएत काळात एस्टोनियाचा बराचसा किनारा आणि बेटं म्हणजे सीमाभाग होता. सारेमा आणि हिउमा बेटांवर जायला इथल्याच लोकांना परवाना लागायचा. लोक बोटीने फिनलंड-स्वीडनला पळून जातील या भीतीने कोळ्यांच्या होड्यांवर कडक पहारा असायचा, रात्री किनाऱ्यावर जायची बंदी, कितीतरी ठिकाणी वाळू नांगरून ठेवायचे म्हणजे कोणाची पावलं उमटली तर सकाळी दिसतील. एकदा शेजारच्या तंबूतले एक आजोबा आमच्या चुलीपाशी बसायला आले होते, इंग्रजी मोडकंतोडकं, नातवाने भाषांतर केलं, ते म्हणाले की त्यांच्या तरुणपणी या वेळेला इथे बसणं शक्यच नव्हतं. देश 20 ऑगस्ट 1991 ला पुन्हा स्वतंत्र झाला. ज्या वाळूवर रात्री पाय ठेवायची चोरी होती तिथे आज सरकारच बाकडी लावून, लाकडं रचून ठेवतं आणि म्हणतं या, राहा. मला हे फार मोठं वाटतं.

लाहेमाला जाल तेव्हा हे अजून दिसतं. टॅलिनहून तासाभरावर आहे, 1971 साली झालेलं नॅशनल पार्क, अख्ख्या सोव्हिएत युनियनमधलं पहिलं. हारा गावापाशी पाणबुड्यांच्या जुन्या नौदल तळाचे काँक्रीटचे अवशेष समुद्रात उभे आहेत, आणि तिथून थोड्याच अंतरावर कास्मू, जहाजांच्या कप्तानांचं गाव, पांढरी कुंपणं, लाकडी घरं, समुद्रात मोठाले गोल दगड, जे हिमयुगात बर्फाने फिनलंडकडून ढकलत आणले. आल्त्याला गवताने शाकारलेल्या कोळ्यांच्या झोपड्या आहेत आणि एक जुन्या पद्धतीची खानावळ. जवळ वोसूच्या बाजूला आरएमकेच्या तंबूच्या जागा आहेत, पण टॅलिनच्या जवळ असल्यामुळे जुलैत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर पोचलात तर चांगला कोपरा मिळणं कठीण.

याच पार्कात विरू राबा. राबा म्हणजे पीटची दलदल, आणि एस्टोनियात आलात आणि राबा बघितली नाहीत तर खरंच काही बघितलं नाहीत. वरून सगळं शेवाळ, खुरटी पाइनची झाडं, मधेमधे काळीशार डबकी, आणि त्यावरून लाकडी फळ्यांची वाट, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, मधे चढायला मनोरा. फळ्यांवरून खाली उतरायचं नाही कारण पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, तुमच्या बुटाचा खड्डा किती वर्षं राहील याचा हिशोब करा. पोहायला मुद्दाम केलेली जागा असते तिथे शिडी असते, पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, पण स्वच्छ आणि किंचित आंबट वासाचं, वर ऊन लागून कोमट आणि पाय खाली सोडले की एकदम गार. आमची हेलसिंकीवाली मैत्रीण सुरुवातीला नाक मुरडून काठावर उभी होती, मग उतरली आणि आम्हाला तिला बाहेर बोलवावं लागलं. सोमा या दुसऱ्या नॅशनल पार्कात रीसाची वाट आहे तिथेही असंच पोहता येतं, आणि गर्दी बरीच कमी. सोमात वसंतात नद्या फुगून रस्ते, कुरणं, सगळं पाण्याखाली जातं, त्याला ते पाचवा ऋतू म्हणतात, आणि तेव्हा फिरायला एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली होडी वापरायचे, तिला हाब्यास म्हणतात, ती बनवायची कला 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. उन्हाळ्यात पूर नसतो पण होडीतून फिरवणारे लोक असतात, आधी फोन करून जा.

पूर्वेला पेइप्सी सरोवर, साडेतीन हजार चौरस किलोमीटर, पलीकडचा काठ दिसत नाही, तो रशिया. काउक्सीला पाइनच्या जंगलात तंबू लावायचा, समोर वाळूचा किनारा, आणि पाणी गोडं! सरोवर उथळ असल्यामुळे जुलैत छान तापतं. तिथून दक्षिणेला काल्लास्ते, कोल्क्या, वार्न्या ही गावं, एकच लांबच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूला घरं. इथे जुन्या श्रद्धेचे रशियन लोक राहतात, सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये सुधारणा झाल्या त्या न मानता छळाला कंटाळून इकडे येऊन वसले. कांदा पिकवतात, उंच वाफ्यांवर, आणि सीझनला घराबाहेर कांद्याच्या माळा टांगून विकतात. आणि धुरावलेले मासे. रस्त्याच्या कडेला टेबल, वर कागदात मासा, मोडकं इंग्रजी, रोख पैसे जवळ ठेवा. मासा हातात घेतला की अजून कोमट असतो, वरची साल सोनेरी, ती एका बाजूने ओढली की अख्खी निघून येते, खालचं मांस पांढरं आणि मऊ. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून, त्याच गावचा कच्चा कांदा फोडून, काळ्या राय ब्रेडबरोबर आम्ही उभ्याउभ्या खाल्ला. कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये मला तसा मासा मिळालेला नाही.

बेटांसाठी विर्त्सूहून मुहूला फेरी, अर्ध्या तासाच्या आत पलीकडे, मग मुहू ते सारेमा समुद्रातून बांधलेला रस्ता. जुलैच्या वीकेंडला गाडीचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. सारेमावर आंग्लाच्या पाच पवनचक्क्या, पांगाचा एकवीस मीटरचा कडा, आणि काली, उल्का पडून झालेलं शंभरेक मीटर रुंदीचं गोल विवर, आत हिरवं पाणी. एका दिवसात बेट संपवू नका, दोन रात्री तरी ठेवा.

गाडी नसेल तर? तरी जमतं. टॅलिनहून केशरी लोकल ट्रेनने तासाभरात आएग्वीदू येतं, आरएमकेच्या लांब पल्ल्याच्या तिन्ही पायवाटा त्या गावातून जातात, त्यातली ओआंदू ते इक्ला ही उत्तरेच्या किनाऱ्याजवळून निघून लॅटव्हियाच्या सीमेपर्यंत, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. झाडांवर पांढरा-हिरवा-पांढरा पट्टा, तो धरून चालायचं. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना चढ काहीच वाटणार नाही, कारण चढच नाही, देशातलं सगळ्यात उंच टेकाड 318 मीटर आहे! पण अंतर आणि पाठीवरचं ओझं जाणवतं. आएग्वीदूच्या आसपास तळी आहेत, एक रात्र राहून परत यायला उत्तम.

खाण्याचं. गावागावात कोऑपचं दुकान असतं, काळा ब्रेड, आंबट साय, ताक, काकडी, बटाटे सगळं मिळतं, आणि शेपू! शेपू इथे प्रत्येक गोष्टीवर पेरतात, उकडलेल्या नव्या बटाट्यांवर लोणी आणि शेपू हे त्यांचं उन्हाळ्यातलं जेवणच आहे, आमच्यातल्या शाकाहारी मंडळींची त्यावर चैन. आम्ही रात्री मुगाची खिचडी किंवा पिठलं करतो, निखाऱ्यात बटाटे पुरतो, आणि सकाळी जंगलातून वेचलेल्या ब्लूबेरी पोह्यांबरोबर नाही पण दह्याबरोबर. ब्लूबेरी जुलैच्या मध्यापासून, तंबूपासून चार पावलांवर, हात आणि दात जांभळे होतात. स्ट्रॉबेरी जूनच्या शेवटी रस्त्याच्या कडेच्या टपरीवर घ्या. मशरूम मात्र जाणकार सोबत नसेल तर वेचू नका, पिवळ्या शँटरेल बाजारात विकत मिळतात त्या घ्या आणि चुलीवर लोण्यात परता. आणि गोड हवं असेल तर कोहुके, चॉकलेटचं आवरण असलेलं गोड छन्याचं छोटं बार, फ्रिजच्या कप्प्यात असतं, आम्ही एका वेळी डझनाने घेतो. रात्री दहानंतर दुकानात दारू मिळत नाही आणि गाडी चालवणाऱ्याने एक बिअरही घेऊ नये, मर्यादा फार कडक आहे.

23 जूनची रात्र ही वेगळी गोष्ट. यानिपाएव म्हणजे 24 जून, आदल्या रात्री गावोगावी मोठी होळी पेटते. 23 जूनला विजय दिनही असतो, राष्ट्राध्यक्ष ज्योत पेटवतात आणि ती जिल्ह्याजिल्ह्यात नेतात, आणि त्या रात्री झेंडे उतरवत नाहीत. आम्ही एका गावात गेलो होतो, बोलावणं वगैरे काही नव्हतं, फलकावर सगळ्यांना निमंत्रण होतं. गावचा लाकडी झोका, एका वेळी दहा-बारा माणसं उभी राहतील असा, आम्हाला ओढून त्यावर चढवलं, एका बाईने घरच्या खारवलेल्या काकड्या पुढे केल्या, अ‍ॅकॉर्डियन चालू होता. एस्टोनियन लोक बोलत नाहीत, थंड असतात असं लोक लिहितात, त्यांनी त्या रात्री एखाद्या खेड्यात जावं. पण त्या वीकेंडला आरएमकेच्या जागा खच्चून भरतात, तरुणांचे मोठे ग्रुप, गाणी रात्रभर. शांतता हवी असेल तर ती तारीख सोडून या.

आता त्रास, कारण ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यू कसला. पाणी बहुतेक ठिकाणी नसतं, पाच-पाच लिटरचे कॅन भरून न्या, आम्ही माणशी चार लिटर रोजचे धरतो, स्वयंपाक आणि भांडी धरून. संडास म्हणजे लाकडी खोली आणि खाली खड्डा, टिश्यू स्वतःचा न्या, आपल्या लोकांनी छोटा मग पण न्या. डास भयंकर, विशेषतः जूनमध्ये आणि जंगलाच्या आत, समुद्रकाठी वाऱ्यामुळे कमी. दुपारी उन्हात मोठ्या चावऱ्या माश्या मागे लागतात त्या कपड्यांवरून चावतात. पण खरी काळजी गोचिडीची. एस्टोनियात गोचिडीपासून मेंदूज्वर आणि लाइम दोन्ही होतात. मेंदूज्वराची लस आहे, पहिले दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने, म्हणून उन्हाळ्यात यायचं तर हिवाळ्यातच डॉक्टरशी बोला. लाइमला लस नाही, त्यामुळे लांब पँट मोज्यात खोचायची, आणि रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या रेषेत एकमेकांनी तपासायचं. चिमटा ठेवा, कातडीला टेकवून सरळ ओढा, तेल-बिल लावू नका. नंतर लाल गोल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टर गाठा. आमच्या ग्रुपमध्ये हे कोणी हसण्यावारी नेत नाही.

भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा. जंगलाकडे जाणारे शेवटचे काही किलोमीटर खडीचे असतात, दगड उडतात. एका कंपनीने आम्हाला बॉनेटवरच्या दोन टिकल्यांएवढ्या खुणांसाठी भरपूर पैसे लावले, घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढला होता म्हणून त्यातली एक खूण आधीची होती हे दाखवता आलं. काच आणि खडीचं नुकसान इन्शुरन्समध्ये आहे का हे विचाराच. दिवे दिवसाही लावायचे, आणि संध्याकाळी रस्त्यात मूस आणि हरणं येतात.

अजून एक गोष्ट जी अनेक प्रवासी लिहीत नाहीत. आरएमके ही फक्त बाकडी लावणारी संस्था नाही, ती लाकूड तोडते आणि विकते, त्याच उत्पन्नातून या सोयी चालतात, आणि किती जंगल तोडायचं यावरून एस्टोनियात बरीच वर्षं जोरदार वाद चाललाय. रस्त्याने जाताना सपाट तोडलेले मोठे तुकडे दिसतात, त्यावर नवी रोपं लावलेली. बघून वाईट वाटतं. माझे एस्टोनियन मित्र यावर एकमेकांशी भांडतात. मी पाहुणी, पण जिथे बसून मी फुकट सरपण जाळते ते कुठून येतं हे माहीत असावं असं मला वाटतं, आणि म्हणून आम्ही गरजेपुरतंच जाळतो, शेड रिकामी करून मोठ्ठी शेकोटी करत नाही.

आणि आपल्या लोकांना मनापासून विनंती. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. इथे लोक जंगलात येतात ते आवाज नको म्हणून, शेजारच्या तंबूतलं कुटुंब काही बोलणार नाही, तोंडावर हसतीलही, पण सकाळी जागा बदलतील. गाणी म्हणायची तर तोंडाने म्हणा, आम्ही भेंड्या खेळतो, हळू आवाजात, तर पलीकडच्या मुली येऊन ऐकत बसल्या आणि मग त्यांनी त्यांचं एक गाणं म्हटलं, तिघींच्या तीन वेगळ्या पट्ट्या आणि एकदम जुळलेलं. भांडी तळ्यात किंवा समुद्रात घासू नका, पाणी बादलीत घेऊन लांब नेऊन घासा, फोडणीचं तेल पाण्यात सोडू नका. उरलेली खिचडी जंगलात टाकू नका, रानडुकरं आणि कोल्हे येतात, डब्यात भरून परत न्या. जाताना चूल पाण्याने विझवा, हात जवळ धरून गार झाली का बघा, आणि पुढच्या माणसासाठी चार ढलप्या फोडून शेडमध्ये ठेवा, इथली तशी पद्धत आहे.

माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पाण्यासाठी, मोठ्या जागांवर निदान एक हापसा हवाच. लहान मुलं असतील तर लेम्मे किंवा काउक्सी, वयस्कर आईवडील सोबत असतील तर सारेमावर खोली घ्या आणि आरएमकेच्या जागी फक्त दुपारच्या जेवणाला जा, टेबल-बाकडी आहेतच. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ऑगस्टचे पहिले दोन आठवडे, डास कमी झालेले, पाणी तापलेलं, ब्लूबेरी अजून आहेत, आणि रात्री एकदाचा अंधार पडू लागतो त्यामुळे तारेही दिसतात. रात्री दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरतं, स्लीपिंग बॅग त्या हिशोबाने घ्या.